आठव्या माळेची गोळी

वृषालीनं देवापुढं हात जोडणं सोडलं त्याला सव्वा महिना झाला होता, आणि घरात अजून कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

येणार तरी कसं? बाकी सगळं जागच्या जागी होतं. पहाटेचा सडा, तुळशीला पाणी, देवांचं स्नान, निरांजन, पोथीचा रोजचा एक अध्याय, मंगळवारचा उपास. लग्न होऊन बारामतीत आल्यापासून पंधरा वर्षांत, एक बाळंतपण सोडलं तर, यात खंड नव्हता. फक्त आरती संपली की ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची, मान झुकवायची आणि उठायची. कारण तळव्याला तळवा टेकला की हिंदुराव समोर उभा राहायचा. कपाळावर मळवट, मळवटातून खाली उतरणारे घामाचे ओघळ, आणि नजर तिच्या तोंडावर नाही, तिच्या जोडलेल्या हातांवर.

"निवद दाखवलास का गं?" कौसल्याबाईंनी स्वैपाकघरातून विचारलं. "का मुक्यानंच दाखवलास? हल्ली तुझा आवाज देवाला तरी ऐकू येतो का न्हाय, कुणास ठाऊक."

"दाखवला, आत्या." सासूला ती आत्या म्हणायची.

"आज कुठं, कोळवाडीच्या तुरुंगात का?"

"नाही. इंदापूरला. चौकशी आहे, जबाब द्यायचाय. तो एक कैदी वारला ना नवरात्रात, त्याची."

"अगं, त्यो देवीचा झाड व्हय!" कौसल्याबाई हातातलं उलथनं तसंच घेऊन देवघराच्या दारात आल्या. "कसलं भाग्य म्हणायचं त्याचं. आठव्या माळेला आई अंगात आली आन् जाताना संगंच घिऊन गेली. सुप्याकडं त्याच्या पादुका बसवणार हायेत म्हणं, भाजीवाली सांगत हुती. तू बघितलं असशील की गं त्याला?"

वृषालीनं पाण्याची बाटली पिशवीत घातली. "मी औषधं द्यायला जाते तिथं, आत्या."

हे काही उत्तर नव्हतं. पण कौसल्याबाईंना तेवढं पुरलं. त्यांनी उलथनं बगलेत धरून मेलेल्या माणसाच्या नावानं हात जोडले, आणि वृषालीनं नजर दुसरीकडं वळवली.

वृषाली देवकाते सरकारी दवाखान्यात औषधं बघायची. दोन वर्षांपूर्वी तिला वरून हुकूम आला की दर मंगळवारी कोळवाडी फाट्याच्या तुरुंगातली औषधंही तिनंच बघावीत. तुरुंग लहान, साठ-पासष्ट माणसं, बहुतेक सगळी अजून निकाल न लागलेली. पहिल्या दिवशी तिच्यापुढं एक पत्र्याची पेटी आणून ठेवली होती. तिच्यात सगळ्यांच्या गोळ्या एकत्र. एकाच गुणाची गोळी तीन कंपन्यांच्या तीन नावांनी, आणि एक म्हातारा त्या तिन्ही रोज गिळत होता. उभं राहिलं की पडतो म्हणून त्याला नाटकी ठरवलं होतं. वृषालीनं त्याच्या दोन गोळ्या बंद करायला सांगितल्या, आणि आठवड्यात म्हातारा मैदानात फेऱ्या मारायला लागला.

त्या दिवसापासून तुरुंगात तिचा शब्द खाली पडला नाही. तिनं प्रत्येक कैद्याचं कार्ड केलं. महागडी गोळी काढून त्याच गुणाची सरकारी पुरवठ्यातली बसवायची, नको असलेली बंद करायची, जोडीनं चालत नाहीत त्या वेगळ्या करायच्या, असं ती डॉक्टरांना सुचवायची आणि डॉक्टर सही करायचे. औषधांचा खर्च निम्म्यावर आला. पुण्याच्या बैठकीत तिचं नाव घेतलं गेलं. गोळ्यांची पाकिटं आत जाऊ देत नसत, पत्र्याच्या कागदाला धार असते म्हणून. मग ती गोळ्या सोलून कागदाच्या पुड्या बांधायची, वर नाव आणि वेळ लिहायची, आणि रोज सकाळी दादासो हवालदार त्या वाटायचे. गोळी गिळली का बघायला जीभ बाहेर काढायला लावायचे. "काढा जीभ. कालिकामाता दिसली पायजे!" सगळी रांग हसायची.

हिंदुराव भादव्यात आला. बांधावरून भांडण झालं, दुसऱ्याच्या डोक्याला खोरं लागलं आणि जामीन अडकला. अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, वाकून बोलणारा माणूस. त्याला साखरेचा आजार. गावाकडच्या डॉक्टरानं दिलेली त्याची गोळी म्हणजे तीन औषधं एकात, महागडी, सरकारी पुरवठ्यात न मिळणारी. तिच्यात साखर उतरवणारं जे मुख्य औषध होतं ते पुरवठ्यात होतं, पण दुप्पट ताकदीचं. अर्धी गोळी द्यावी असं वृषालीच्या मनात आलं होतं. पण अर्धी करायला ब्लेड लागतं, आणि आत ब्लेड चालत नाही. तिनं पूर्ण गोळी सुचवली. आठवड्यानं रक्त तपासलं तर साखर अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी आली.

"बाय, ही गोळी माझ्या वळखीची न्हाय," पहिल्या दिवशी पुडी हातात घेऊन हिंदुराव म्हणाला होता.

"होईल ओळख, आबा. जेवणाआधी घ्यायची, एवढं लक्षात ठेवा."

तिनं त्याला सगळं विचारलं होतं. दारू, तंबाखू, मूत्रपिंडाचा त्रास, कुठल्या औषधानं अंगाला खाज. कार्डावरच्या सगळ्या रकान्यांत टिकल्या होत्या. उपास करता का, एवढं मात्र विचारलं नव्हतं. त्या दिवशीही मंगळवार होता आणि ती स्वतः पाण्यावर होती. तिच्या घरात, माहेरात, आळीत, कोण उपास करत नव्हतं? माणूस श्वास घेतो का, असं कुणी कार्डावर लिहून घेतं का?

नवरात्र बसलं आणि हिंदुरावानं नऊ दिवसांचा कडक उपास धरला. सकाळी एक पेला पाणी, संध्याकाळी एक. त्याच्या वाटणीची भाकरी शेजारचा खायचा आणि वहीत 'जेवण घेतलं' अशी खूण व्हायची. दादासो रोज सकाळी पुडीवर वाचून, जेवणाआधी, त्याच्या हातावर गोळी ठेवायचे. जेवणाआधी म्हणजे जेवणाच्या घंटेआधी. त्यात त्यांची काही चूक नव्हती. तसंच लिहिलेलं होतं.

आठवी माळ मंगळवारी आली. वृषालीचेही नऊ दिवस चालू होते, पायात चप्पल नव्हती. साडेदहाला ती तुरुंगाच्या दारात पोचली, तर दादासो पळत आले. "ताई, पुड्या ऱ्हाऊ द्या! आत चला, दर्शन घ्या. आई आलीया हिंदुरावाच्या अंगात!"

त्याच्या गावात येमाई दर नवरात्रात त्याच्याच अंगात यायची, त्याला झाड म्हणायचे, हे सगळ्या तुरुंगाला ठाऊक होतं. सगळे वाटच बघत होते. मैदानात कडुनिंबाखाली माणसं गोल बसली होती. कुणीतरी घमेलं पालथं घालून वाजवत होतं. मधे हिंदुराव. सदरा अंगाला चिकटलेला, मान एका बाजूला, हात लटलटतायत, कपाळाला मळवट.

"आई, माझा जामीन कवा?" एक जण ओरडला.

"आई, त्याचा असू दे, माझा वकील बदल आधी," दुसरा म्हणाला. दोघं-तिघं हसले, बाकीच्यांनी त्यांना दटावलं.

हिंदुरावाच्या ओठांतून शब्द आला. "भूक." मग पुन्हा, ओढून, "भूक लागलीया."

दादासो वर्दीसकट जमिनीवर आडवे झाले. "दसऱ्याला पुरणाचा निवद देतो, आई! शब्द हाय माझा!"

वृषाली पाच पावलांवर होती. कपाळावरचा घाम, ओली पाठ, बोटांची थरथर तिला दिसली. आणि एक विचार भिंतीवरून पाल सरकावी तसा तिच्या डोक्यातून सरकला. हे सगळं तिनं कुठंतरी ओळीनं वाचलेलं होतं. पिशवीत साखर बघायचं यंत्र होतं. एका थेंबाचं काम. तिनं पिशवीला हातही लावला. मग तिला स्वतःचे अनवाणी पाय दिसले आणि लाज वाटली. आई समोर उभी असताना आपण तिच्या बोटाला सुई टोचायला निघालो. तिनं हात पिशवीतून काढला आणि दुसऱ्या हाताला जोडला.

हिंदुरावाची नजर फिरत फिरत त्या हातांवर येऊन थांबली. "बाय," तो म्हणाला, "भूक."

मग तिनं दारावरच्या खिडकीत पुड्या दिल्या, तिथल्या वहीत सही केली आणि बस गाठली. दुपारी हिंदुराव आडवा झाला. आई उतरली, दमलाय, झोपू द्या, म्हणून त्याच्यावर चादर घातली. चार वाजता तो उठेना तेव्हा गाडी बोलावली. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

आणि सव्वा महिना वृषाली एकाच शब्दापाशी अडकून होती. देवी तिला बाय म्हणाली नसती. बाय म्हणणारा तो होता. तो तिला ओळखत होता, आणि तिच्याकडंच मागत होता.

इंदापूरला कचेरीच्या व्हरांड्यात दादासो एका खांबाला टेकून उभे होते. वर्दीशिवाय ते निम्मे झाल्यासारखे दिसत होते.

"या ताई. जेवून आलाय ना? हितं दुपार हुती."

"तुम्ही कसे आहात?"

"झ्याक. सव्वा महिना घरीच हाय, म्हशी नावानं वळखायला लागल्यात मला. बायको म्हणती, सरकारनं पयलंच घरी बसवलं असतं तर दूध वाढलं असतं." ते हसले आणि मग आवाज खाली आणला. "पर आता ह्ये निलंबन न्हाय ऱ्हायचं. नोकरीच जाती म्हणत्यात. वर गुन्हा. घामानं भिजलेला माणूस डोळ्यानं बघितला, पाच तास डाक्टरला बोलावलं न्हाय. खरं हाय की. म्या तर पाया पडत हुतो."

वृषालीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुमी घाबरू नका," दादासो म्हणाले. "तुमी आत आलावता ह्ये म्या कुणाला सांगितलं न्हाय. पोरांनाबी दम दिलाय. वहीत खिडकीवरची सही हाय तुमची. तुमी पुड्या दिल्या आन् गेल्या, बास. तुमच्यासारखं देवाचं माणूस ह्यात कशाला?"

"दादासो…"

"आता गप ऱ्हावा. ती बघा, त्याची मालकीण."

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एक बाई बसली होती. कपाळ मोकळं, मांडीवर कापडी पिशवी, पाय जमिनीला न टेकता किंचित हलत होते. बनाबाई. वृषालीनं तिला तुरुंगाच्या दारात एकदा लांबून बघितलं होतं. आता लांब काहीच राहिलं नव्हतं.

चौकशी करणाऱ्या न्यायाधीश बाई वयानं वृषालीएवढ्याच असतील. समोर कागद, बाजूला टंकलेखक. बनाबाईला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं, दादासोंना दाराशी. वृषालीला नाव, काम, किती वर्षं, असं विचारून झालं.

"मयताला दिलेली गोळी योग्य होती?"

"आजाराला योग्य होती. डॉक्टरांची सही आहे."

"बदल कुणी सुचवला?"

"मी."

"खर्चासाठी?"

"हो. आणि पुरवठ्यात तीच होती." ती थांबली. "ती गोळी पोट भरलेलं असलं तरच चांगली. उपाशी माणसाची साखर ती आणखी खाली नेते. मग घाम येतो, हात कापतात, भूक लागते, माणूस बरळतो. साखर दिली तर थोड्या वेळात उठून बसतो. नाही दिली तर झोपतो, आणि उठत नाही."

"मयत उपाशी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी विचारलं नाही."

"ठीक आहे. म्हणजे औषध योग्य, सूचना लिहिलेली, आणि लक्षणं दिसल्यावर ड्यूटीवरच्या हवालदारानं कळवलं नाही." न्यायाधीश बाईंनी पुढचा कागद ओढला. "तुम्ही जाऊ शकता."

एवढंच होतं. उठायचं, नमस्कार करायचा, चारची बस. नमस्कार करायचा, या विचारासरशी वृषालीचे हात सवयीनं जवळ आले आणि तळव्यांमधे बोटभर जागा उरली असताना तिथंच थांबले. टंकलेखकाला वाटलं बाईंना चक्कर आली. त्यानं पाण्याचा पेला पुढं केला.

"मी आत होते," वृषाली म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी मी खिडकीवरून गेले नाही. आत गेले होते, साडेदहाला. हिंदुराव पाच पावलांवर होते. घाम बघितला, थरथर बघितली. मी हे शिकलेली आहे. हवालदार शिकलेले नाहीत. पिशवीत यंत्र होतं, आणि हवालदारांच्या चहाच्या डब्यात साखर होती, ती मी दर मंगळवारी बघते." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की टंकलेखक पुढं वाकला. "मी हात जोडले आणि घरी गेले. मी जोडले म्हणून बाकीच्यांना खात्री पटली असेल. औषधवाल्या ताईच हात जोडतायत म्हणल्यावर डॉक्टरला कोण बोलावील?"

दाराशी दादासोंनी डोक्याला हात लावला.

न्यायाधीश बाईंनी ओढलेला कागद बाजूला सारला. "तुमच्यावर कारवाई होऊ शकते, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग पुन्हा पहिल्यापासून सांगा. हळू. लिहून घ्यायचंय."

ती पहिल्यापासून सांगत असताना भिंतीकडेच्या खुर्चीवरून काही आवाज आला नाही. रडण्याचा नाही, हलण्याचा नाही. वृषालीनं एकदाही तिकडं बघितलं नाही. बोलणं संपलं तेव्हा तिनं सही केली. हवालदारांबद्दलचा निर्णय आता हा नवा जबाब धरून होईल, असं न्यायाधीश बाईंनी सांगितलं.

बाहेर आल्यावर दादासो तिच्यावर चिडले. "कशाला, ताई? गप बसायला काय पैसं पडत हुतं? आता तुमीबी घरी, मीबी घरी. तुमच्याकडं तर म्हशीबी न्हाईत!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले, तसे ते पाठ फिरवून चहाच्या टपरीकडं चालू लागले.

चारच्या बसला गर्दी होती. वृषालीला मागच्या बाजूला खिडकी मिळाली. बस सुटायच्या बेतात असताना बनाबाई चढली, सगळी बाकं बघत मागं आली आणि मोकळ्या राहिलेल्या एकाच जागेवर, वृषालीच्या शेजारी, बसली. तिलाही बारामतीवरूनच सुप्याकडं जायचं होतं.

निमगाव केतकी आलं. उसाच्या ट्रॉल्यांमागं बस रेंगाळत होती.

"त्यांनी काय म्हणलं वो शेवटाला?" बनाबाईनं समोर बघतच विचारलं. "गाव सांगतंय, आईनं निवद मागितला. हवालदारबी त्येच सांगतोय. तुमी जवळ हुता."

आता इथं कागद नव्हता, टंकलेखक नव्हता. वृषाली गप्प बसली असती तर कुणी विचारणारं नव्हतं. "भूक लागलीय म्हणाले," ती म्हणाली. "देवी नाही. तेच म्हणाले. मला बाय म्हणाले."

बनाबाईनं मान हलवली, जणू हे तिला कुणी आधीच सांगितलं होतं. "त्यांला भूक सोसत न्हवती. लगीन झाल्यापासनं बघतीया. त्या गोळ्या सुरू झाल्यावर तर न्हाईच. तीन वर्सं झाली, नवरात्रात अंगात आलं का मी फुडं हुयाची भंडारा लावायला. भंडाऱ्याच्या मुठीत गुळाचा खडा ठिवायची आन् त्यांच्या तोंडात सारायची. कुणाला कळायचं न्हाय. घटकाभरानं आई शांत हुयाची. लोकं म्हणायची, बनाबाईच्या हाताला गुण हाय."

वृषाली तिच्याकडं वळली. "तुम्हाला माहीत होतं."

"मला आजार म्हाईत न्हवता. गूळ म्हाईत हुता." तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "पाचव्या माळेला भेटीला आलेवते. गुळाचा पुडा आणलाता. म्हणलं, ह्यांच्याजवळ असू द्या, अंगात आलं का कुणीबी तोंडात सारंल. दारावरच्या पोलिसानं घेतला न्हाय. भितीवर कागद लावलाय म्हणला, साखरंच्या आजाऱ्याला भायरचं ग्वाड द्यायचं न्हाय. म्या लय इनवण्या केल्या. त्यो म्हणला, नेम म्हंजी नेम." ती पहिल्यांदा वृषालीकडं वळली. "मला वाचता येत न्हाय. कुणी लावलाता वो त्यो कागद?"

कागद वृषालीच्या डोळ्यापुढं होता. निळी शाई, वळणदार अक्षर, पावसानं भिजू नये म्हणून वरून लावलेली चिकटपट्टी. गेल्या वर्षीच्या दिवाळीत कुणाच्या तरी घरून आलेल्या लाडवांनी तिघांची साखर चढली होती, तेव्हा तिनं तो लिहिला होता. बैठकीत त्याचंही कौतुक झालं होतं.

"मी," ती म्हणाली.

बनाबाईनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उठून दुसरीकडं उभी राहिली असती, तरी बरं. तिनं फक्त आपला पदर वृषालीच्या मांडीखाली अडकला होता तो ओढून घेतला.

"तुमी खरं बोलला, हवालदाराच्या पोटावरचा पाय निघाला," ती म्हणाली. "पर मला बरं वाटलं न्हाय. आईनं नेलं म्हणत हुते तवा रातीला डोळा तरी लागत हुता."

लासुर्णे गेलं. उतरणारे उतरले, चढणारे चढले. वाहकानं बनाबाईकडं बघून "मावशी, तिकीट झालं?" असं विचारलं, ते तिला ऐकू गेलं नाही. वृषालीनंच मान हलवून हो म्हटलं.

सणसरच्या अलीकडं बनाबाई पुन्हा बोलली. आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा.

"किती गूळ लागला असता?"

"त्या वेळेला?"

"व्हय. साडेदहाला. तुमी हुता तवा."

वृषालीला हे तोंडपाठ होतं. त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नव्हतं. तिनं उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणलं, थोडं लांब केलं, पुन्हा जवळ आणलं, आणि सुपारीपेक्षा जरा मोठी जागा मधे ठेवून हात बनाबाईपुढं धरला.

बनाबाई त्या मोकळ्या जागेकडं वाकून बघत राहिली.

"एवढाच?" ती म्हणाली.